पहिली तोड

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते आणि लग्नाला अठरा दिवस उरले होते. तारीख काढताना दोन्ही घरांनी दोन वेगवेगळी कॅलेंडरं समोर ठेवली होती. पिंपळगावच्या विधात्यांना पौष चालत नव्हता आणि नाशिकच्या त्रिभुवनांना ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत सगळं उरकायचं होतं. मधे जी चार आठवड्यांची फट सापडली, तिच्यात सकाळी चर्च आणि संध्याकाळी मंगलाष्टकं, अशी दोन लग्नं आणि एक जेवण बसवायचं ठरलं. नवरीच्या पांढऱ्या साडीवरून दिवाळीत धरलेला अबोला साडीला लाल काठ लावून मिटला होता. आता राहिली होती फक्त फुलं, आणि फुलांवरून कोण भांडतं, असं नवरीच्या बापाला, धनराजला, वाटत होतं.

म्हणून त्या रविवारी नाशिकच्या रस्त्याला गाडी लागल्यापासून तो शीळ घालत होता. शेजारी बसलेल्या मीनानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. सलग दोन वर्षं गारपिटीनं मारल्यावर त्यानं द्राक्षबाग काढून टाकली, तेव्हापासून तिनं नवऱ्याची शीळ ऐकली नव्हती.

"धना," मागच्या सीटवरून त्याची थोरली बहीण म्हणाली, "डिकीत काय ठिवलंय?"

"भाजी हाय, अक्का. मॅडमसाठी."

"भाजीला झेंडूचा वास कधीपासून यायला लागला?"

धनराजनं शीळ थांबवली आणि पुढचा टेम्पो ओलांडण्यात लक्ष असल्यासारखं केलं. झुंबरबाईनं पुढं विचारलं नाही. तिच्याशेजारी त्याची लेक हर्षाली कानात इयरफोन घालून बसली होती, तिला यातलं काहीच ऐकू गेलं नाही.

बाग होती तेव्हा धनराज येईल त्याला सांगायचा, पोरीच्या लग्नात पंगतीला बसणाऱ्या प्रत्येकाच्या ताटात आपल्या मळ्यातला घड पडणार. बाग गेली आणि ते बोलणंही गेलं. मग नोव्हेंबरात एके सकाळी तो रिकाम्या वावरात उभा राहून बोटांवर दिवस मोजत राहिला आणि दुपारी झेंडूची रोपं घेऊन आला. भगवा, मोठ्या फुलाचा, एक एकर. घरात सांगितलं, मार्केटला लावलाय. मंडपाच्या खांबापासून दारावरच्या तोरणापर्यंत एकही फूल विकत आणायचं नाही, हे त्यानं फक्त स्वतःला सांगितलं होतं. आज बैठकीत सगळ्यांना सांगायचं होतं, आणि पुरावा म्हणून डिकीत पाटीभर फुलं होती.

रोशनीमॅडमचं घर शरणपूर भागात होतं, बैठं, पुढं अंगण असलेलं. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि अजूनही समोरच्याचं बोलणं संपल्यावर क्षणभर थांबून मग उत्तर देत. त्यांचे यजमान शेखर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. दोन वर्षांपूर्वी ते वारले. दीपक त्यांचा एकुलता एक मुलगा. तो आणि हर्षाली एकाच औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत, आणि दोन्ही घरांना तयार करण्यात त्यांचं गेलं वर्ष सरलं होतं.

टीपॉयवर तिळाच्या वड्या आणि नानकटाई शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्यांच्या मधे डेकोरेटर दिनेशनं आपला लॅपटॉप उघडला होता.

"सध्या ट्रेंड एकच आहे, मॅम," तो म्हणाला. "पॅम्पास."

पडद्यावर पितळी घागरींतून माणसाएवढे उंच, फिकट तुरे वर आले होते. धनराज पुढं वाकला.

"हे गवत हाय."

"पॅम्पास ग्रास, अंकल. इम्पोर्टेड."

"वाळलेलं हाय."

"ड्राय लुकच असतो त्याचा."

"आमच्या बांधावर येतं असलं. आम्ही उन्हाळ्यात पेटवून देतो."

"लग्नात वाळलं गवत कशाला?" झुंबरबाईनं शांतपणे विचारलं. "वऱ्हाडात गुरं येणार हायेत का?"

दीपकला हसू आवरेना, म्हणून तो पाणी आणायला आत गेला. दिनेशनं गवत बाजूला केलं आणि पांढऱ्याशुभ्र लिलीचा फोटो काढला. "चर्चसाठी हे फायनल करू. आणि ब्राइडच्या हातात बोके."

"हातात बोके?" झुंबरबाई म्हणाली. "किती?"

"एकच, आंटी."

"एक म्हंजे बोका. पण लग्नात मांजराचं काय काम?"

"आत्या, फुलांचा गुच्छ असतो तो," हर्षाली म्हणाली. "हातात धरून चालत जायचं."

"आणि शेवटी नवरी तो पाठीमागं फेकते," रोशनीमॅडमनी सांगितलं. "जी मुलगी झेलेल तिचं लग्न पुढं जमतं, असं म्हणतात."

झुंबरबाईनं यावर विचार केला. "म्हंजे आमच्या अक्षताच, पण उलट्या. आमच्यात मांडव नवरीवर टाकतो, तुमच्यात नवरी मांडवावर टाकते." तिला हे पटलेलं दिसलं. "बरंय. हात गुंतलेला असला म्हंजे पोरगी फोन तरी बघायची नाय."

रोशनीमॅडम हसल्या. मग त्यांनीच विषय काढला की दीपकला संध्याकाळी मुंडावळ्या बांधाल त्या मोत्यांच्या नकोत, फुलांच्या बांधा. त्यांच्या आजीच्या लग्नात फुलांच्याच होत्या. हळद लागली होती, मुंडावळ्या होत्या, आणि मग सगळे चर्चला गेले होते. "माझ्या वेळेपर्यंत हळद तेवढी उरली. माझ्या हातात डेलिया होते. लिली मुंबईहून यायच्या होत्या, आल्याच नाहीत. शेजारच्यांचं अंगण ओरबाडलं आम्ही."

हे ऐकून धनराजला वाटलं, हीच वेळ. बाईंना फुलांचं कळतं, आजीची आठवण आहे, अंगणातल्या फुलांची लाज नाही. तो किल्ली चाचपत उठला. "मॅडम, मी पण थोडी फुलं आणली हायेत. गाडीतून आणतो."

त्यांचं लक्ष दिनेशकडे होतं. त्या त्याला सांगत होत्या, "तुमची यादी मी पाहते. फक्त एक लिहून घ्या. झेंडू कुठंही नको. चर्चमध्ये नको, लॉनवर नको, दारावरही नको."

"मॅम, इव्हिनिंगला हिंदू वेडिंग आहे. झेंडूशिवाय कसं..."

"नको."

धनराज पुन्हा खाली बसला. किल्ली त्यानं मुठीत धरून ठेवली.

ती मूठ मीनानं पाहिली. तिला नोव्हेंबरापासून माहीत होतं. सत्तावीस वर्षं शेतकऱ्याच्या घरात काढलेल्या बाईला काय कळत नाही? मार्केटसाठी झेंडू लावणारा दसरा-दिवाळी धरतो. हा माणूस दिवाळी झाल्यावर लावतो आणि रोज सकाळी कळ्या मोजतो. ती काही बोलली नव्हती, कारण त्याचं गुपित त्याच्याकडे राहिलेलं तिलाच बरं वाटत होतं. या लग्नाच्या सगळ्या बोलण्यांत ती मधे पडून समजूत घालत आली होती. आज तिच्या तोंडून निघालं, "का नको?"

सगळे तिच्याकडे वळले.

"दाराला झेंडूचं तोरण नाही, तर ते लग्नघर कसं दिसणार, रोशनीताई? तुमची साडी आम्ही मान्य केली. बुके मान्य केला. एक फूल आमचं राहू द्या."

"मीना, जाऊ दे," झुंबरबाई म्हणाली. "त्यांना नको असंल तर नको. निशिगंध लावू."

मीना नणंदेकडे बघतच राहिली. साडीवरून आठ दिवस न बोललेली बाई झेंडू एका वाक्यात सोडून देत होती. पण झुंबरबाईचं लक्ष शब्दांकडे नव्हतंच. ती रोशनीमॅडमचे हात पाहत होती. 'नको' म्हणताना त्या हातांनी टीपॉयवरच्या कापडाची कड घट्ट धरली होती, आणि ती अजून सुटली नव्हती. वीस वर्षांपूर्वी आपला माणूस गेल्यावर झुंबरबाईनं असंच कशाकशाला धरून ठेवलं होतं.

"अक्का, तुम्हाला माहीत नाही," मीना म्हणाली.

"मला सगळं माहीत हाय. डिकीचा वास मला पण आला."

"डिकीत काय आहे?" हर्षालीनं विचारलं.

"काही नाही," धनराज म्हणाला.

"झेंडू आहे," मीना म्हणाली. "पाटीभर डिकीत आणि एक एकर शेतात. तुझ्या लग्नासाठी लावलाय त्यांनी."

दिनेश हळूच उठला, "एक कॉल करून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला. त्याचा फोन टीपॉयवरच होता.

हर्षालीला एकाच वेळी राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिला नको होतं. तीन महिने ती पप्पांना विचारत होती, तुम्हाला काय हवंय लग्नात, आणि तीन महिने ते म्हणत होते, तुला हवं ते. "मला का नाही सांगितलं, पप्पा?"

"सांगितलं असतं तर तू रंगाचं काही काढलं असतंस."

हे खरं होतं. तिला मनातून पिस्ता रंगाची थीम हवी होती. ती दीपककडे पाहू लागली. दीपक पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. त्याला आईचं 'नको' का ते माहीत होतं, पण त्यानं ते सांगून चालणार नव्हतं.

रोशनीमॅडम उठून आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी खिडकीतून पाहिलं तर धनराज फाटकाबाहेर गाडीत बसून ती सुरू करत होता. त्यांना वाटलं, निघाले. त्या चप्पलही न घालता अंगणात आल्या.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही, मॅडम. गाडी जरा लांब लावतो. वास तुमच्या दारापर्यंत येतोय."

त्या फाटकापाशी थांबल्या. शाळेत असताना त्यांनी अनेक पालक पाहिले होते, मुलासाठी भांडणारे आणि मुलावर हात उगारणारे. आपल्या कष्टाचा वास दुसऱ्याला लागू नये म्हणून गाडी लांब लावणारा हा पहिलाच.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "शेखर गेले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. बाजारात त्या दिवशी दुसरं फूलच नव्हतं. लोकांनी प्रेमानं आणली, पोत्यांनी आणली. शवपेटी दिसेना. घरात चार दिवस तोच वास. अजून कबरीवर जाते तर तिथं कुणीतरी झेंडूची माळ घातलेली असतेच. लोकांचा दोष नाही. फुलाचाही नाही, हे मला कळतं."

धनराजनं इंजिन बंद केलं. त्यानं विचारलं, "साहेबांना कुठलं फूल आवडायचं?"

"त्यांना फुलांतलं काही कळायचं नाही. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मी म्हटलं, फूल तरी आणा. तर फ्लॉवरचा गड्डा घेऊन आले. म्हणाले, हे फूलच आहे, आणि उद्या भाजीही होईल."

धनराजला हसू आलं. हसावं की नाही हे त्याला कळेना, पण मग रोशनीमॅडमच हसल्या, डोळे पुसत.

"एक एकर म्हणजे केवढं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या शाळेचं मैदान असंल तेवढं."

"मी झेंडू झाडावर असा कधी पाहिलाच नाही, भाऊ. माळेत पाहिलाय नाहीतर ढिगात." त्या थांबल्या, गणिताचं उत्तर तपासावं तशा. "दाखवाल?"

दोन गाड्या तासाभरात पिंपळगावला पोचल्या. साइट बघतो म्हणून दिनेशही मोटारसायकलवर मागून आला. हायवे सोडून मळ्याच्या रस्त्याला लागल्यावर डावीकडे बागेचे जुने लोखंडी अँगल अजून उभे होते, तारा काढून घेतलेले. त्यांच्यापलीकडे झेंडू सुरू होत होता.

झाडं गुडघ्यापर्यंत आली होती. सगळं फुललं नव्हतं. हिरव्यातून जागोजागी भगवं वर आलं होतं, आणि प्रत्येक फुलाभोवती चार-पाच कळ्या मिटलेल्या होत्या. दुपारच्या उन्हात मधमाश्यांचा मोठा आवाज होता. रोशनीमॅडम बांधावर उभ्या राहिल्या, मग दोन सऱ्यांच्या मधून आत गेल्या. चालताना पदर पानांना घासत होता. त्या वाकल्या आणि एक फूल न तोडता नाकाशी धरलं.

"हा तो वास नाही," त्या म्हणाल्या.

"तो ढिगाचा," धनराज म्हणाला. "तोडून पोत्यात भरली की फुलं उबतात, तो वास. हा झाडाचा."

त्यांनी आणखी दोन फुलांचा वास घेतला. मग मागं वळून म्हणाल्या, "मग हे तोडूच नका ना. संध्याकाळचा मंडप इथंच बांधावर घाला. फुलं झाडावर राहू द्या. इथं मी उभी राहू शकेन."

मीनाच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. हर्षाली दीपकला दाखवू लागली, स्टेज इकडे, खुर्च्या तिकडे. तिचा पिस्ता रंग आपोआप मागं पडला होता. "फार्म वेडिंग," दिनेश म्हणाला, "हे तर पॅम्पासपेक्षा लेटेस्ट आहे, मॅम," आणि त्यानं व्हिडिओ काढायला घेतला.

फक्त धनराज आणि झुंबरबाई बाजूला कळ्या बघत उभे होते.

"सांग त्यांना," झुंबरबाई हळूच म्हणाली.

"राहू दे, अक्का."

"आत्ता नाय सांगितलं तर लग्नाच्या दिवशी त्यांनाच दिसंल. ते लय वाईट."

धनराज सरीत उतरला. "मॅडम, यंदा थंडी पडलीच नाही नीट. हा माझ्या हिशेबापेक्षा पंधरा दिवस आधी आला. ही फुलं आता तोडली नाहीत, तर झाड बी धरतं आणि नव्या कळ्यांना जोर राहत नाही. लग्नापर्यंत हे सगळं तपकिरी होईल."

"म्हणजे तोडावीच लागतील."

"पहिली तोड आज-उद्या घ्यावी लागंल. मग या कळ्या लग्नाला भरात येतात. पण तुम्ही नको म्हणाल तर नको. काही अडत नाही."

"काकू, खरंच नको," हर्षाली म्हणाली. "निशिगंध लावू. मला चालेल."

समोरच्या झाडावर एक पूर्ण उमललेलं फूल होतं आणि त्याच्या खाली, त्याच फांदीला, दोन कळ्या. रोशनीमॅडमनी फूल पाहिलं, कळ्या पाहिल्या.

"ही पहिली तोड कुठं जाते?"

"मार्केटला. तिथून मुंबईला."

त्यांनी फुलाला हात घातला आणि ओढलं. अर्धी फांदी हातात आली.

"असं नाय, विहीणबाई," झुंबरबाई साडीचा ओचा खोचत सरीत शिरली. "देठाला अंगठा लावा. आता वाकवा. ओढू नका, ते आपलं आपण सुटतं."

दुसरं फूल नीट सुटलं. तिसरंही. रोशनीमॅडमनी ती पदरात घेतली आणि त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "दोन वर्षं लोकांनी आणलेलीच फुलं आहेत शेखरवर. मी एक नेलं नाही. ही पहिली तोड मला द्या, भाऊ. सगळी. मी माझ्या हातानं नेते."

"आणि दुसरी?" मीनानं विचारलं.

"दुसरी तुमची. तोरणाला लावा, इथल्या मंडपाला लावा, माझ्या दारालाही लावा. चर्चमध्ये मात्र लिलीच."

"लिली कोण नको म्हणतंय," झुंबरबाई म्हणाली. "पोराहो, बघत काय राहिलात? ऊन उतरायच्या आत निम्म्या सऱ्या झाल्या पाहिजेत."

धनराजनं शेडमधून क्रेट आणले. दीपक आणि हर्षालीनं एक सरी धरली, मीनानं दुसरी. हर्षाली भराभर तोडत होती आणि दीपक प्रत्येक फुलाचा देठ तपासत होता, त्यामुळे तिची बाजू सारखी पुढं जात होती. दिनेश व्हिडिओ संपवून निघायला लागला, तर झुंबरबाईनं त्याच्या हातात क्रेट दिला. तो तिच्यामागून चालू लागला.

अकरा क्रेट भरले तेव्हा सूर्य अँगलांच्या खाली आला होता. रोशनीमॅडम कंबर सरळ करत उभ्या राहिल्या. त्यांची बोटं पिवळी झाली होती.

"एका माणसाला एवढी फार होतील, भाऊ," त्या म्हणाल्या.

"साहेबांच्या शेजारीपाजारी कोण हाय?"

त्यांनी आठवून पाहिलं. "डावीकडे सोनवणे मास्तर. उजवीकडे एक बाई आहेत, दगडावरचं नाव पुसलं गेलंय. पुढं दोन लहान मुलं."

"मग त्यांना पण घालू," धनराज म्हणाला. "घरात लग्न हाय म्हणावं. आमंत्रण समजा."

रोशनीमॅडमनी मान डोलावली, पदर पुन्हा खोचला आणि बाराव्या क्रेटसाठी पुढच्या सरीत गेल्या.